निवडीची कसोटी आणि गावची शाळा

ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांना पालकांच्या सांपत्तिक स्थितीचा विचार न करता उत्तम शिक्षण मिळावे, या हेतूने १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नवोदय विद्यालयांचा पुरस्कार करण्यात आला. त्यापूर्वीच, १९८५-८६ मध्ये, झज्जर (हरियाणा) व अमरावती येथे अशी पहिली दोन विद्यालये सुरू झाली होती. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील मुलांची निवड परीक्षा होते. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलांना प्रवेश मिळतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ही परीक्षा पुन्हा देता येत नाही.

या निवडीविषयी पालकांत दोन मते आढळतात. शेतमजुराच्या हुशार मुलीला निवास, भोजन व पुस्तके यांसह शिक्षणाची याहून चांगली संधी कोठे मिळणार, असे काही विचारतात. चुणचुणीत मुले गेली की गावच्या शाळेकडे कोण लक्ष देणार, असा इतरांचा प्रश्न असतो.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बुद्धिमापन, अंकगणित व भाषा यांच्या परीक्षेत बुद्धीबरोबर पूर्वतयारीही मोजली जाते. ज्याला खाजगी शिकवणी परवडते, तो मुलगा साहजिकच पुढे राहतो. म्हणून शिक्षकांनी निवडक मुलांऐवजी पाचवीच्या संपूर्ण वर्गाची तयारी शाळेतच करून घ्यावी. ज्यांची निवड झाली नाही, त्यांच्यावर दहाव्या-अकराव्या वर्षीच अपयशाचा शिक्का बसू नये, याची दक्षता शाळा व्यवस्थापन समितीने व ग्रामपंचायतीने घेतली पाहिजे. गावातील बहुसंख्य मुलांचे भवितव्य अखेर गावच्या शाळेतच घडणार आहे.