आधी रोजची जात वाच

सोनू, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, जातीवर काहीतरी वाचायचंय, सुरुवात कुठून करू?" आणि लगेच म्हणालीस, हॉस्टेलमधल्या मुली अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरची इंग्रजी पुस्तकं वाचतात, त्यातलंच एखादं आणते. घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितेय. निवांत वाच.

हा प्रश्न कुठून आला ते मला कळलंय. "तू मोहाडीची? म्हणजे खैरलांजीच्या तालुक्यातली?" असं कुणीतरी विचारलं आणि तुला काही सांगता आलं नाही. तुझा त्यात दोष नाही गं. तू तेव्हा तान्ही होतीस. २९ सप्टेंबर २००६ ला आपल्याच तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखाबाई भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन या चौघांना गावातल्या जमावानं मारलं. सुरेखाबाईंचे पती भैयालाल तेवढे वाचले. २०१७ च्या जानेवारीत तेही गेले. मी तेव्हा शाळेत होते. तालुक्याचं नाव देशभर झालं, नागपूर पेटलं, आणि आपल्या घरात मात्र त्यावर कुणी धड एक वाक्य बोललं नाही. आम्ही पोरी जवळ गेलो की मोठी माणसं धानाच्या भावावर यायची.

म्हणून तुला वाटेल की पहिलं पुस्तक खैरलांजीवरचंच घ्यावं. आनंद तेलतुंबडे यांचं इंग्रजी पुस्तक आहे, २००८ सालचं. चांगलं आहे, माझ्याकडे आहे, तुला देणार आहे. पण ते पहिलं नको.

हत्याकांडापासून वाचायला लागलं की जात म्हणजे हत्याकांड, असंच मनात बसतं. मग आपल्यासारख्या घरातल्या मुलीला फार लवकर सुटल्यासारखं वाटतं. आपण कुणाला मारलं नाही, म्हणजे आपल्याकडे जात नाही. जात बहुतेक दिवस कुणाला मारत नाही, सोनू. कुणाचं घर कोणत्या टोलीत असेल, रोवणीला आलेल्या बाईला पाणी कशातून द्यायचं, भाड्यानं खोली मागणाऱ्याला आडनाव कितव्या वाक्यात विचारायचं, लग्नाच्या बायोडाटात पहिली ओळ कोणती, हे सगळं ती ठरवते. हे रोजचं आधी दिसायला लागू दे. ते दिसलं की खैरलांजी एकाएकी आभाळातून पडल्यासारखी वाटणार नाही.

तर पहिल्या रात्री फक्त काही पानं वाच. मुक्ता साळवेचा निबंध. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्मग्रंथ वाचायचा अधिकारच आम्हाला नसेल तर आमचा धर्म कोणता, हे ती थेट विचारते. चौदाव्या वर्षी आपल्याला निबंधात पावसाळा आणि माझी सहल एवढंच सुचत होतं. इतक्या जुन्या काळातली ही मुलगी आपल्याला कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटली नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्यानंतर नागपूर. पुण्यात बसून तू पुण्याचीच पुस्तकं वाचशील, पण आपल्या विदर्भात काय कमी लिहिलं गेलंय? कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' घे, १९८१ चं. संस्कृतमध्ये एम.ए. झालेली नागपूरची दलित मुलगी. सगळे कौतुक करतात, सत्कार करतात, पण शिकवायची नोकरी काही मिळत नाही. पुढे आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवरची पावडे होते आणि मग नोकरी मिळते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की ही नोकरी कुमुद पावडेला मिळाली, कुमुद सोमकुवरला नाही. ते प्रकरण वाचून झालं की पुस्तक जरा बाजूला ठेव आणि आपल्या कॉलेजच्या हजेरीपटातली आडनावं आठव. कोणतं आडनाव ऐकल्यावर वर्गात कोण काय पुटपुटायचं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवेल.

वसंत मून यांची 'वस्ती'ही नागपूरचीच. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे जे सरकारी खंड आहेत, त्यांचं संपादन ज्यांनी सुरू केलं तेच हे मून. 'वस्ती'त दुःख आहे, पण नुसतं दुःख नाही. आखाडे आहेत, समता सैनिक दल आहे, भांडणं, गाणी, अभ्यास करणारी पोरं, १९५६ ची दीक्षा. हे मुद्दाम सांगतेय. आपल्यासारखे लोक दलितांची पुस्तकं रडायला म्हणून उचलतात. दोन अश्रू आले की वाचन पुरं झालं असं वाटतं. 'वस्ती' तसं करू देत नाही. तिथली माणसं कुणाच्या दयेची वाट बघत बसलेली नाहीत.

बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मात्र तुला अवघड जाईल, आधीच सांगते. भाषा फलटणकडची, जुनी. मोठ्यानं वाच, म्हणजे कळत जाईल. फलटणला लहानसं दुकान चालवताना, घरच्यांपासून लपवून, ही बाई वर्षानुवर्षं लिहीत होती. १९८६ साली पुस्तक आलं. महारवाड्यातल्या सुना-सासवांचं जे त्यात आहे, तिथं तू आपल्या आजीलाही ओळखशील, आणि ती कुठे वेगळी होती हेही तुला कळेल. तिच्यावर घराचा जाच होता. गावाचा नव्हता. उर्मिला पवारांचं 'आयदान' त्याच्या जोडीला ठेव, कोकणातलं आहे आणि वाचायला सोपं.

आता बाबासाहेब. लोक सांगतील, थेट 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' वाच. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण. मजकूर बदला म्हणाले, बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, संमेलन रद्द झालं आणि त्यांनी ते स्वतः छापलं. वाचायचंच आहे ते. पण त्याच्या आधी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाच. छोटंसं आत्मकथन आहे. गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेली मुलं आणि त्यांना कुणी बैलगाडी देत नाही, कोलंबियातून शिकून आलेला तरुण आणि त्याला बडोद्यात राहायला जागा मिळत नाही. हे प्रसंग कळले की लाहोरच्या भाषणातला एकेक युक्तिवाद कुठून आलाय ते समजतं. चित्रांतून वाचायला आवडत असेल तर 'भीमायन' बघ. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी हेच प्रसंग रंगवलेत.

आणि हो, १९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि आपल्या जिल्ह्यानं त्यांना हरवलं. तुझ्या हॉस्टेलमधल्या मुलींना हे माहीत नसेल. तुला माहीत असायला हवं.

अमेरिकेची पुस्तकं वाचू नकोस असं मी म्हणत नाही. उलट तो रस्ता आपल्याच लोकांनी कधीचा पाडून ठेवलाय. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ च्या दलित पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. म्हणून 'गुलामगिरी' वाचून मग जेम्स बाल्डविनचं १९६३ चं 'द फायर नेक्स्ट टाइम' वाच. पातळ पुस्तक आहे, सुरुवातीला पुतण्याला लिहिलेलं पत्र आहे. इझाबेल विल्करसनचं २०२० चं 'कास्ट' सगळ्यांच्या हातात दिसेल. तिला अमेरिका आतून माहीत आहे, भारताचा भाग मला उथळ वाटला. पण गोऱ्या-काळ्यांच्या भेदाला ती जात का म्हणते, ते तिच्याकडून समजून घे.

आधी अमेरिका का नको, तेही सांगते. अलाबामातल्या गोऱ्या माणसाचा राग यायला आपल्याला काहीच मोजावं लागत नाही. तिथला भेद रंगावरून दिसतो. आपल्याकडे तो दिसत नाही, म्हणून आपण विचारत राहतो, आधी आडनाव, मग गाव, मग "कोणत्या टोलीत राहता?" हे विचारणारी माणसं आपली आहेत, आपली आत्या आहे, आपले काका आहेत. अमेरिकेतला काळा लेखक इब्राम केंडी वर्णद्वेषाबद्दल लिहितो की मी वर्णद्वेषी नाही म्हणणं पुरेसं नाही, त्याच्या विरोधात काही करावं लागतं. आपल्या घरात "आम्ही जात मानत नाही" हे सगळेच म्हणतात. परवाच्या सोयरिकीच्या बोलण्यात एकानंही ते पाळलं नाही.

तेलतुंबडेंचं पुस्तक यानंतर. त्याचं इंग्रजी नाव अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारायचे त्यावरच्या 'स्ट्रेंज फ्रूट' या गाण्यातून आलंय. खैरलांजीच्या खटल्यात भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली. दोन्हीकडे ॲट्रॉसिटीचा कायदा मात्र लागला नाही, सूडातून झालेला गुन्हा मानला गेला. रोजची जात वाचून झालेली असेल तर तो सूड कुणाला परवडतो आणि जमिनीसाठी, रस्त्यासाठी उभी राहिलेली सुरेखाबाईंसारखी बाई गावाला का खुपते, हे तू स्वतः विचारशील. ज्यांना शिक्षा झाली ती आपल्यासारख्याच घरांतली माणसं होती. हे पान वाचताना पुस्तक मिटू नकोस.

एक विनंती. तुझी खोलीतली मैत्रीण बौद्ध आहे, तिला यातलं काही समजावून सांगायला लावू नकोस. "तुला कधी असा अनुभव आला का?" हे विचारू नकोस. तिला वाटलं तर ती सांगेल, आणि तेव्हा मधे न बोलता ऐक. वाचलेलं बोलायचं असेल तर मला फोन कर, नाहीतर बाबांना. बाबांशी बोलणं जास्त गरजेचं आहे.

'वस्ती' आणि 'अंतःस्फोट' सोमवारी कुरिअरनं टाकते. दसऱ्याला येशील तेव्हा नागपूरला उतर, दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, बाकीची तिथून तूच निवडून घे. पैसे मी देईन.