अक्षर एक, आकडे अनेक

संगणकाला 'क' समजत नाही, आकडा समजतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे सर्वांनी मिळून ठरविणे म्हणजे मानक होय. मराठीत बराच काळ श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा प्रत्येक टंकाची मांडणी निराळी होती. त्यामुळे एका टंकातील अर्ज दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटे. पूर्वी शेर-पायली गावोगावी वेगळी असे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली. अक्षरांनाही असेच माप हवे होते.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोची 'इस्की' संकेतप्रणाली आली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. युनिकोडमध्ये 'क' चा क्रमांक २३२५. टंक बदलला तरी तो बदलत नाही.

परंतु अक्षर जुळले म्हणजे कागद जुळला असे नव्हे. समास, तक्ते कसे साठवावयाचे, हेही ठरावे लागते. त्यासाठी ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. भारताने विरोधी मत देऊनही २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ओपन एक्सएमएललाही तोच दर्जा मिळाला. मानके दोन झाली. एका प्रणालीतील तक्ता दुसरीत अजूनही कधी कधी विस्कटतो.

झरी जामणीसारख्या भागात अनेक घरांत कागद वाचणारी आमची पहिलीच पिढी. वडीलधाऱ्यांना सातबारा परक्याकडून वाचून घ्यावा लागे. आम्हांला अक्षरे येतात. पण ठरावीक कंपनीची प्रणाली विकत घेतल्यावाचून कागद उघडणार नसेल, तर परावलंबन पुन्हा आलेच. यास्तव शासनाने व महाविद्यालयांनी आपले कागद युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात ठेवावेत. अक्षर म्हणजे नाश न पावणारे; ते नाव सार्थ व्हावे.