भट्टीचं दार उघडू नकोस

शिरोली एमआयडीसी,
रविवार, रात्री

चि. मनूस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा इथं ओतकाम चालू होतं. ब्लोअरच्या आवाजात धड बोलता आलं नाही. ‘मामा, पुस्तक उघडलं की छाती धडधडते, आणि मिटलं की जास्तच,’ एवढं ऐकू आलं. मी ‘होईल गं सगळं नीट’ म्हणून फोन ठेवला. ते वाक्य नंतर मलाच टोचत राहिलं. समोरच्याचं ऐकायला वेळ नसला की माणूस असं बोलतो. म्हणून आज बसून लिहितोय.

फाउंड्रीत मी वाढलो, त्यामुळं ताण हा शब्द मला आधी लोखंडात भेटला. कास्टिंग थंड होताना त्याचे पातळ भाग आधी थंड होतात, घट्ट होतात. जाड भाग आतून अजून लालच असतो. तो मागाहून थंड होतो, आकसायला बघतो, पण घट्ट झालेले भाग त्याला आकसू देत नाहीत. ही ओढाताण मालात तशीच कोंडून राहते. वरून काही दिसत नाही, मापं बरोबर येतात, रंग दिला की झकास दिसतो.

मी नवा सुपरवायझर होतो तेव्हा एका ऑर्डरची घाई होती. मशीनच्या बेडचा जॉब होता. ताण काढायची पायरी मी गाळली आणि माल पुढं पाठवला. मशीनवर एक थर निघाला आणि सरळसोट दिसणारा तो जॉब डोळ्यांदेखत वाकला. त्या दिवशी ऐकलेल्या शिव्या अजून पाठ आहेत. पण माल खराब नव्हता, मनू. लोखंड चांगलं होतं, ओतकाम चांगलं होतं. घाई माझी होती.

तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून आमची समजूतदार पोर. तुझे बाबा आजारी पडले तेव्हा रडली नाहीस, धाकट्याला सांभाळलंस, आणि आम्ही चारचौघांत तुझं कौतुक करत राहिलो. मला वाटतं, तुझा तो भाग फार लवकर थंड होऊन घट्ट झाला. आतली पोर अजून गरमच आहे. आता एमएस्सीचं शेवटचं वर्ष, नेट परीक्षेचा अभ्यास आणि त्यात तुझ्या आईनं काढलेला स्थळांचा विषय, एवढे थर एकदम निघायला लागल्यावर धडधड होणारच. तू कच्ची आहेस म्हणून हे होत नाहीये.

आमच्याकडे यावर उपाय आहे तो असा. माल भट्टीत ठेवून हळूहळू साधारण साडेपाचशे अंशांपर्यंत न्यायचा. इंचभर जाडीला तासभर, या हिशोबानं तिथंच धरायचा. मग भट्टी बंद करायची आणि माल आतच थंड होऊ द्यायचा. शेवटचा भाग सगळ्यात अवघड, कारण काहीच करायचं नसतं. घाईचा माणूस दार उघडतो, गार हवा आत जाते आणि काढलेला ताण पुन्हा भरतो. पूर्वी तर मोठे जॉब महिनोन् महिने आवारात उन्हापावसात टाकून ठेवत.

तुझी बंद भट्टी म्हणजे झोप. रात्री दोन वाजता मोबाइल उघडून मैत्रिणीचा किती पोर्शन झाला ते बघणं म्हणजे दार उघडणं. उपमा फार ताणत नाही, पण हे एवढं ऐक.

तू मागं एका श्वासाच्या ॲपबद्दल विचारलं होतंस. वापर, माझी हरकत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, तिथून सजगतेची ही लाट जगभर गेली. त्यांनी ते घेतलं होतं आपल्याकडच्याच बुद्धांच्या परंपरेतून. गोयंका गुरुजी तेच ब्रह्मदेशातून 1969 मध्ये भारतात घेऊन आले, पुढं इगतपुरीला केंद्र झालं. आपल्या हातकणंगले तालुक्यात आळत्याला धम्मालय हे त्यांचंच केंद्र आहे. मी तिथं दहा दिवस काढले. मौन, पहाटे चारची घंटा. दुसऱ्या दिवशी पळून जायचा बेत पक्का केला होता, गुडघ्यांनी बंड केलं होतं. नंतर निवळलो. पण तुला आत्ता तिकडं धाडणार नाही. परीक्षेच्या तोंडावर आणि जीव इतका घाबरा असताना दहा दिवस स्वतःसोबत कोंडून घेणं हे पहिलं औषध नव्हे.

त्याऐवजी आमच्या मोल्डरकडं बघ. साच्याची वाळू तयार झाली का ते पाहायला तो मूठभर उचलतो, दाबतो, मूठ उघडतो. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले का बघतो, मग तो गोळा मोडतो आणि कड कशी तुटली ते बघतो. पाणी जास्त की कमी, त्याला कळतं. तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात ना हप्ता असतो ना भांडण. सजगता हा शब्द त्यानं ऐकलेला नाही. आपल्या भाषेची गंमत बघ, ‘ध्यान दे’ म्हणजे लक्ष दे, ‘ध्यानाला बस’ म्हणजे डोळे मीट, आणि ‘काय ध्यान आहे!’ हे मी तुझ्या मामाला, म्हणजे स्वतःला, आरशात बघून म्हणतो.

तर दिवसातून एकदा अशी मूठभर वाळू उचल. सकाळचा चहा मोबाइलशिवाय पी, कपाची ऊब हाताला कळेपर्यंत. वसतिगृहापासून विभागापर्यंत पायांकडं लक्ष देत चाल. मन दहा वेळा नेटच्या पेपराकडं पळेल. त्याला दहा वेळा परत आणायचं, कामच ते आहे. आणि यानं मार्क वाढतील का, असा हिशोब घालू नकोस, नाहीतर त्याचाही ताण येईल. बाकी साध्या गोष्टी: मेसचं जेवण चुकवायचं नाही, आंघोळ टाळायची नाही, संध्याकाळी राजाराम तलावाकडं मैत्रिणीला घेऊन एक फेरी.

आता नीट ऐक. पावसाळ्यात आपण सगळे राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी किती, ते विचारत असतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्गच बुडाला. पण 39 ला जे हलले त्यांची गुरंढोरं वाचली. तुझी 39 ची खूण कोणती, ते वहीत लिहून ठेव. सलग तीन रात्री झोप नाही? मैत्रिणींचे फोन घ्यावेसे वाटत नाहीत? तिथं पोचलीस की समुपदेशकाकडं जा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत असा माणूस हवाच, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय, तेव्हा लाजायचं कारण नाही. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी शिवला तर ते 43 समज. वेळ बघू नकोस. मला फोन कर, आणि 14416 वर टेली-मानसला कर. रात्री-अपरात्री मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मी ओतकाम सोडून येईन. भट्टी सांभाळायला इथं माणसं आहेत.

श्वास मोजून स्थळांचा तगादा थांबत नाही, हेही मला कळतं. ते काम माझं. ताईशी उद्याच बोलतो. परीक्षा होईपर्यंत घरात तो विषय निघणार नाही. रुसली तर रुसू दे, मी तिचा धाकटा भाऊ आहे, मला सवय आहे.

येत्या रविवारी शिरोली फाट्यावर उतर, मी गाडी घेऊन येतो. मामी तांबडा-पांढरा रस्सा करणार आहे. मागचे दोन डबे अजून तुझ्याकडंच आहेत, ते विसरू नकोस, नाहीतर तिच्यापुढं माझं काही चालायचं नाही.

तुझा,
मामा