पाहुण्यांच्या हातात काय द्यावे? (कार्यानुभवाचा एक पाठ)



लग्नसराई आली की आपल्या शाळेतील उपस्थिती कमी होते, आणि सोमवारी मुलांच्या दप्तरांतून लग्नात मिळालेल्या 'रिटर्न गिफ्ट' बाहेर पडतात. प्लास्टिकची छोटी फ्रेम, चकचकीत कागदातली स्टीलची वाटी, न चालणारे पेन. आठवड्याभरात त्यातील बरेच काही कचरापेटीत जाते. स्वच्छतेसाठी देशभर नाव असलेल्या आपल्या शहरात हे बघताना वाईट वाटते. म्हणून या अंकात पाहुण्यांसाठी हाताने करायच्या भेटीचा पाठ देत आहे. इयत्ता आठवी-नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला तो करून झाला आहे.

हाताने वस्तू करणे आपल्या लग्नांना नवे नाही. रुखवत सर्वांना माहीत आहेच. मी हिंदी माध्यमातून शिकले, आणि मैत्रिणींना 'रुखवत' म्हणजे काय हे एका शब्दात कधीच सांगता आले नाही. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, साळीच्या दाण्यांचे गणपती, पापड-कुरडया, साखरेची चित्रे; नवरीने आणि तिच्या घरच्यांनी महिनोन्महिने खपून केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडतात. पाहुणे बघतात, वाखाणतात, थोडी नावेही ठेवतात, आणि सामान सासरी जाते. खरे म्हणजे ती नवरीच्या हाताची परीक्षाच असे. आता रुखवत तयार विकत मिळते, भाड्यानेही मिळते, त्यामुळे परीक्षा संपली. हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर घरातली कला गेली, याचे वाईट वाटते. तीच कला टेबलावर न मांडता पाहुण्यांच्या हातात का देऊ नये?

याचे उदाहरण आपल्यापासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर आहे. देवी अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि महेश्वर ही राजधानी केली. तेथे त्यांनी बाहेरून विणकर बोलावून वसवले. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना आणि नातलगांना भेट देण्यासाठी तेथे लुगडी व पागोट्याचे कापड विणले जाई, असे महेश्वरात आजही सांगतात. किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी साडीच्या काठावर उतरली. चटई, लहर, ईंट अशी काठांची नावे विणकरांच्या तोंडी अजून आहेत. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी कशीही नेसा. पाहुण्याला द्यायच्या भेटीतून एका गावाला अडीचशे वर्षे पुरेल असा धंदा मिळाला. मधल्या काळात तो बसत चालला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी 'रेहवा' संस्था काढून त्याला पुन्हा उभे केले. सहलीला महेश्वरला जातो तेव्हा मुले घाटावरच रमतात. पुढच्या वेळी हातमागांसमोर त्यांना अर्धा तास उभे करावे, अशी शिक्षकांना विनंती आहे.

आता तासाला काय झाले ते सांगते. एका विद्यार्थिनीच्या मावशीचे लग्न होते आणि वर्गाने पाहुण्यांसाठी कापडी थैल्या शिवायचे ठरवले. आत काय घालायचे यावर चर्चा झाली. ठरले असे की बायकांच्या थैलीत हळदीकुंकवाची पुडी, पुरुषांच्या थैलीत सुपारी. हिशोब लिहिणाऱ्या मुलाने विचारले, "बाई, आजीची थैली कशात मोजू?" आजोबा गेल्याला तीन वर्षे झाली होती. मग ध्यानात आले की अशी वेगळी यादीच करावी लागेल: कोणत्या काकू, कोणत्या आत्या. यादी करायला कोणी तयार होईना. ती विद्यार्थिनी खाली बघत बसली होती.

मुलाचा प्रश्न हिशोबाचा होता, पण आपल्या सगळ्यांच्या घरचा होता. तबक घेऊन पुढे येणारी मुलगी एखाद्या बाईपाशी क्षणभर अडखळते आणि पुढच्या बाईकडे वळते. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी काही बोलत नाही, तरी ज्याला कळायचे त्याला कळते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात इतर गावांनीही असे ठराव करावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढले. आपण मध्य प्रदेशात राहतो, ते परिपत्रक आपल्याला लागू नाही. पण थैलीत काय घालायचे हे ठरवायला परिपत्रक कशाला पाहिजे? शिवाय अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. म्हणजे महेश्वरात पाहुण्यांना ज्या हातांनी मानाची वस्त्रे दिली ते हात एका विधवेचे होते, आणि ती घ्यायला कोणी अडखळल्याचे ऐकिवात नाही.

वर्गाने शेवटी एकच थैली ठरवली. व्याही असो, आजी असो, मांडववाला किंवा वाढपी असो, सर्वांना तीच. आत बडीशेप-खडीसाखरेची पुडी आणि तुळशीच्या बियांची लहान पुडी. कुंकू न घालण्याला एक साधे कारणही आहे: पुडी फुटली की डाग जात नाही. तुपाचा लाडूही घालू नये, दुसऱ्या दिवशी कापडावर तुपाचे वर्तुळ उमटते. बडीशेप भाजून पूर्ण गार झाल्यावरच बटर पेपरात बांधावी, नाहीतर आत वाफ धरून ती मऊ पडते.

कृती अशी. थैली तयार झाल्यावर ५ इंच रुंद आणि ६ इंच उंच होते. त्यासाठी ६ इंच रुंद व १५ इंच लांब पट्टी कापावी. दोन्ही टोकांकडील तीन-तीन इंचांत बाजूच्या कडा अर्धा इंच आत दुमडून टीप मारावी. मग प्रत्येक टोक पाव इंच आणि पुन्हा सव्वा इंच दुमडून शिवले की नेफा तयार होतो. आता पट्टी सुलट बाजू आत घेऊन मधोमध दुमडावी, आणि नेफ्याच्या खालून तळापर्यंत दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारावी. नेफ्याची तोंडे शिवू नयेत. घाईत मुले हमखास शिवून टाकतात. थैली उलटवून कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बाहेर काढावेत आणि सेफ्टी पिनेने नाडी ओवावी.

आता गणित, कारण पैसे येथेच वाचतात. साधे सुती कापड ४४ इंच पन्ह्याचे घ्यावे. कापण्यापूर्वी रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करावे, कारण नवे सुती कापड आटते. आटल्यावरही पन्ह्यात ६ इंचाच्या ७ पट्ट्या बसतात. १ मीटर कापड आटून साधारण ३८ इंच उरते. त्यात १५ इंचाच्या दोनच रांगा निघतात, म्हणजे १४ थैल्या, आणि ८ इंचाची कतरन वाया जाते. असे एकेक मीटरचे तुकडे घेतले तर २०० थैल्यांना १५ मीटर लागतील. तेच कापड थानातून सलग घेतले तर १२ मीटरमध्ये ३० रांगा, म्हणजे २१० थैल्या होतात. तीन मीटर वाचले, दहा थैल्या वर! एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये जाण्यापूर्वी हा हिशोब कागदावर करून जावे. दुकानदार तुकड्यांवर सूट देतो तेव्हा मोह होतो. नाडी प्रत्येकी १६ इंच, म्हणजे २०० थैल्यांना ८१ मीटरच्या वर, ८५ आणावी.

एक सावधगिरी. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या 'नॉन-वोवन' थैल्या स्वस्त मिळतात. ते कापड नसून प्लास्टिकच असते. मिठाईच्या डब्यांवर आणि पत्रिकांवर गुंडाळतात ती प्लास्टिकची पातळ फिल्म तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी अजून दिसते.

वेळेचाही विचार हवा. एका थैलीला २० मिनिटे धरली तर २०० थैल्यांना सुमारे ६७ तास लागतात. पाच जण रविवारी दोन-दोन तास बसले तर सात रविवार. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण 'घरीच करू' असे सगळे मिळून म्हणतात आणि लग्नाच्या आदल्या रात्री दोन वाजता एकटी आई शिवत बसते. तेवढे हात नसतील तर पन्नासच थैल्या शिवाव्यात आणि बाकीच्या एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडून योग्य मजुरी देऊन करून घ्याव्यात. त्याही हातानेच केलेल्या आहेत. मुलग्यांना बसवावेच. आमच्या वर्गात सर्वांत सरळ टीप एका मुलाची आली, आणि तो गणितात मागे असूनही कापडाच्या रांगा तोंडी सांगू लागला.

विश्वस्त मंडळींपैकी काहींनी विचारले की शाळेने अशा थैल्यांच्या ऑर्डर घ्याव्यात का, वाचनालयाला निधी होईल. माझे मत नाही असे आहे. ऑर्डर आली की तारीख येते, तारीख आली की मुलांचा तास कारखाना होतो. शिकण्यापुरते शिवावे, आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचे कार्य असेल तर वर्गाने मिळून मदत करावी, तीही कुटुंबातले लोक बरोबर बसणार असतील तरच.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. ज्यांच्या घरी मार्गशीर्षात कार्य असेल त्यांनी कापड गणपती उठल्यावर लगेच आणावे, म्हणजे सात रविवार मिळतात. शाळेतील शिवणयंत्रे शनिवारी मधल्या सुट्टीनंतर मोकळी असतात. पालकांनी आधी कार्यालयात सांगून यावे, कापड व दोरा स्वतःचा आणावा. कतरन फेकू नये. आठ इंची पट्ट्यांची तोरणे बालवाडीसाठी हवी आहेत.