पाकीट एक, पाणी किती?

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या तालुक्यात कारखान्याभोवती कोप्यांची वस्ती उभी राहते आणि माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांची लेकरं वाढतात. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात 11 महिन्यांची एक मुलगी आली. दिवसभरात सात-आठ वेळा पाण्यासारखी शी, दोन उलट्या. पण डोळ्यांत तरतरी होती, जीभ ओली होती. सलाईनची गरज नव्हती. मी ओआरएस आणि झिंक लिहून दिलं. "थोडं थोडं पाजत राहा. कळलं ना?" आईनं मान हलवली. बाहेर चाळीसेक जण ताटकळत होते, मी पुढच्या मुलाला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं तिला धावत आणलं तेव्हा तिला झटका येत होता. झटका थांबवला, रक्त तपासलं. सोडियम 168. ते 135 ते 145 असायला हवं. पोटाची कातडी चिमटीत मळलेल्या कणकेसारखी लागत होती. अशा बाळाचा शोष वरून लवकर ओळखू येत नाही, कारण रक्तात वाढलेलं मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतं. बाळ नुसतं किरकिरतं आणि पाण्यासाठी हपापतं. घरच्यांना वाटलं, पाणी मागतेय म्हणजे बरी होतेय.

"पाकीट कशात कालवलं?" मी विचारलं. आई गप्प. मी तिच्यावर ओरडले, "एवढंही कळत नाही का?" माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य आजही मला टोचतं. उत्तर आजीनं दिलं. एक लिटरचं अख्खं पाकीट तिनं एका पेल्यात कालवलं होतं, दिवसातून तीनदा. "पानी जादा घातलं की औशिदाचा जोर जातो ना, बाई."

जे औषध काढा म्हणून उकळून आटवलं जातं, ते दाट असेल तेवढं गुणकारी, हे त्या आजीनं आयुष्यभर पाहिलेलं. तिचा हिशोब चुकीचा होता, पण वेडेपणाचा नव्हता. आणि मुलीचे आईबाप पहाटे कोयता घेऊन फडावर जात. लेकरू दिवसभर आजीकडे. मी समजावलं ते जिला पाजायचंच नव्हतं तिला, आणि पाणी किती ते तर तिलाही सांगितलं नव्हतं.

मुलीला जिल्ह्याच्या अतिदक्षता विभागात पाठवलं. असं सोडियम घाईनं उतरवलं तर मेंदूला सूज येते. दिवसाला साधारण 10 ते 12 च्या वर उतरवायचं नसतं. सहाव्या दिवशी ती घरी आली. पुढच्या हंगामात कोपीपुढे चालताना दिसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

माझ्या टेबलावर आता पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली असते. पाकीट फोडून आईला, किंवा जी पाजणार असेल तिला, माझ्यासमोर कालवायला लावते. "कळलं ना?" विचारणं मी सोडलं. "घरी गेल्यावर काय कराल, मला सांगा," असं म्हणते. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत. आणि पहिला प्रश्न असतो, "दिवसभर लेकरू कुणाकडे असतं?" आजी बाहेर बसली असेल तर तिला आत बोलावते. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी हेच सांगते: घरच्यांनी केलेली चूक ऐकून आधी विचारा, असं का केलं? रागावलात तर पुढच्या वेळी ते लपवतील, आणि लपवलेल्या चुकीवर इलाज करता येत नाही.

आईवडिलांसाठी थोडं. बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावर छापलेलं पाण्याचं माप वाचा, वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावा. तांब्या-पेल्याच्या अंदाजानं कालवू नका. दुधात, रसात घालू नका, वरून साखर-मीठ टाकू नका. कालवलेलं 24 तासांनी फेकून द्या. उरलं तर वाया गेलं म्हणून जीव जाळू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, चमच्यानं, दमादमानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर 10, आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे.

बाळ सुस्त पडलं, पिईना, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शीत रक्त दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि येताना पाकीट व ज्यात कालवलं ते भांडं, दोन्ही बरोबर घेऊन या. कुणी ओरडणार नाही.