आधी निदान, मग डाख

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाण्यावर चालणारा खेळ जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी तायतो कंपनीसाठी तयार केला. तो १९७८ साली बाजारात आला. त्याचा सर्किट बोर्ड दुरुस्त करणे हा तर्कशास्त्राचाच एक पाठ आहे.

बोर्डावरील ८०८० या प्रोसेसरला अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२ व्होल्ट असे तीन पुरवठे लागतात. म्हणून प्रथम मल्टिमीटरने हे तिन्ही मोजावेत. उणे ५ व्होल्ट नसेल, तर प्रोसेसरच निकामी होण्याचा धोका असतो.

पुरवठा ठीक असूनही पडद्यावर पट्टे दिसले, तर ते नीट पाहावेत. पडद्यावर २५६ गुणिले २२४ ठिपके असून प्रत्येकासाठी मेमरीत एक बिट राखलेला असतो. मेमरीच्या १६ चिपा आठ-आठच्या दोन गटांत आहेत. बाइटमधील प्रत्येक बिट स्वतंत्र चिपमध्ये साठतो. साहजिकच एक चिप बिघडली, की पडद्याच्या एका भागात दर आठव्या ओळीवर दोष उमटतो. ओळीवरून बिट कळतो, भागावरून गट.

दोष सबंध पडद्यावर असेल तर? दोन्ही गटांतील एकाच बिटाच्या चिपा एकदम बिघडणे असंभाव्य. तेव्हा संशय त्यांच्या सामाईक मार्गावर घ्यावा.

धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, ते असे. लक्षण न पाहता सोळाही चिपा उपटू गेल्यास तांब्याचे नाजूक मार्ग उखडतात आणि दुरुस्त होण्याजोगा बोर्ड भंगारात जातो.