धातूची झडप बसवलेल्या मुलाची रोजची गोळी

ऱ्हुमॅटिक तापात, म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते त्या आजारात, भारतात आजही शाळकरी मुलांची मायट्रल झडप निकामी होते, आणि ती दुरुस्त होण्याजोगी नसल्यास तिच्या जागी अनेकदा धातूची झडप बसवावी लागते. तिच्या परक्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. म्हणून वॉरफरिन अथवा ॲसिनोकुमारॉल ही गोळी जन्मभर चालू राहते. या गोळ्या ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्त गोठणे मंद करतात, आणि ते किती मंदावले हे आयएनआर या तपासणीतून कळते. निरोगी व्यक्तीत हा आकडा एकच्या आसपास असतो, तर मायट्रल जागी धातूची झडप असल्यास तो साधारणतः 2.5 ते 3.5 ठेवतात.

मुलांमध्ये हा आकडा सतत हलतो, कारण वजन वाढते, जेवणाचा नेम नसतो आणि आजारपणे वरचेवर येतात. मेथी, पालक बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अनाठायी आहे. या भाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असले तरी आठवड्याचे प्रमाण सारखे राहिले की डोस त्याप्रमाणे बसवता येतो, घोळ होतो तो महिनाभर भाजी बंद ठेवून मग रोज मेथीचे पराठे सुरू केल्याने. त्याहून अधिक धोका औषधांचा असतो: जुलाबावरचे मेट्रोनिडॅझोल आयएनआर झपाट्याने वाढवते, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन तो पाडते, आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकाने आकडा ठीक असूनही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गोळीचे अर्धे तुकडे क्वचितच समान होतात, त्यामुळे शक्य तेथे कमी मिलिग्रॅमची अख्खी गोळी लिहून घ्यावी. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळी देऊ नये. तपासणी टाळणाऱ्या नव्या गोळ्यांचा मोह धातूच्या झडपेला परवडत नाही. त्यांपैकी डॅबिगॅट्रान या गोळीची धातूची झडप असलेल्या प्रौढांवरील चाचणी गुठळ्या व रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती.

दात काढण्यापूर्वी गोळी परस्पर बंद करू नये, आणि ऱ्हुमॅटिक तापासाठीचे पेनिसिलिनही थांबवू नये. ते सुईने द्यावे की तोंडाने, हे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवावे. मुलीची पाळी सुरू होताना रक्तस्राव जास्त झाल्यास लाजेपोटी ते लपवले जाते, म्हणून आईने आधीच बोलून ठेवावे. डोक्याला मार लागल्यास, शौचास काळे झाल्यास, धाप लागल्यास किंवा झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज दबल्यास शस्त्रक्रियेची फाइल घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, मूल वरवर कितीही ठीक दिसत असले तरी.